मूल पुढे गेलंय

टॅमसिनची दाढ बुधवारी रात्री ठणकायला लागली आणि गुरुवारी सकाळची दातांच्या डॉक्टरची वेळ तिला मिळाली. आमच्या थॉर्नबेकमध्ये दातांच्या डॉक्टरची वेळ मिळणं म्हणजे काय, हे ज्याची दाढ इथे दुखली असेल त्यालाच कळेल. ती मिळाली की स्वतःचं लग्न असलं तरी माणसं पाहुण्यांना थांबायला सांगून जातात. पण टॅमसिनला आठ महिन्यांची मुलगी होती. नवरा कामासाठी आठवडाभर स्कॉटलंडला होता आणि सासू, ग्लेनिस, आदल्याच दिवशी बहिणीकडे समुद्रकाठी गेली होती. उरले सासरे. बर्नार्ड टॅटर्सल, गाडी चालवायची परीक्षा घेणारे सरकारी परीक्षक, आता निवृत्त. टॅमसिननं सुजलेल्या गालावर हात ठेवून दुसरं कुणाचं नाव आठवतंय का ते बराच वेळ पाहिलं. आठवलं नाही, तेव्हा तिनं सासऱ्यांना फोन लावला.

एवढा विचार करायला कारण होतं, आणि ते कारण सुपरमार्केटच्या दारात होतं. तिथे दाराला लागून काही ऐसपैस जागा लहान मुलं घेऊन येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. जमिनीवर पिवळ्या रंगात बाबागाडी काढलेली आहे. गाडीचं दार पुरतं उघडावं, वाकून मूल बाहेर काढता यावं, म्हणून त्या रुंद. ह्या जागांमागे कायदा नाही. तिथे बिनमुलाची गाडी लावली म्हणून पोलीस येत नाही. सगळा कारभार माणसाच्या लाजेवर चालतो, आणि गावाची ही लाज राखायचं काम बर्नार्डनी निवृत्त झाल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कुणी थांबवलंही नव्हतं.

ते आरडाओरडा करत नसत. आमच्याकडे तसं कुणी करत नाही. ते गाडीजवळ जाऊन उभे राहत. रिकाम्या मागच्या सीटकडे बघत, मग जमिनीवरच्या बाबागाडीकडे, मग गाडीवाल्याकडे, आणि घसा खाकरत. ज्यांना बर्नार्डनी तरुणपणी परीक्षेत नापास केलं होतं, आणि गावात अशी माणसं ढिगानं होती, त्यांना ते खाकरणं ऐकून अजून हातापायाला घाम सुटे. एवढ्यानं भागलं नाही तर फोटो निघे आणि गावाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये जाई. खाली एकच ओळ: ‘या गाडीत मूल दिसल्यास कळवावे.’

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मोइरा रॅम्सडन यांचा फोटो असाच गेला होता. त्यांचं म्हणणं होतं की नातू गाडीतून उडी मारून धावत दुकानात शिरला, त्या मागून जात होत्या. बर्नार्डनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मूल पुढे गेलंय, असं सगळेच म्हणतात.” तेव्हापासून मोइराबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. दर रविवारी त्या बर्नार्डना हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणत, पण आमच्याकडे बोलणं टाकलेली माणसं तेवढं म्हणतातच.

इथपर्यंत ठीक होतं. पण गेल्या वर्षी, आठवा महिना लागलेला असताना, टॅमसिननं आपली गाडी त्या जागेत लावली. पाऊस पडत होता. पोट सांभाळत ती गाडीतून उतरते तर समोर छत्री घेऊन सासरे. त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं, बाबागाडीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. आपल्या सुनेला एक नियम आणि गावाला दुसरा, असं करणाऱ्यांतले ते नव्हते. पोटातलं मूल अजून प्रवासी म्हणून धरत नाहीत, असं त्यांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं. टॅमसिननं गाडी हलवली. पार टोकाला नेऊन लावली आणि भिजत चालत आली. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण डल्सी झाल्यावर ग्लेनिसच्या हाती ती मुलगी बिनघोर द्यायची आणि बर्नार्डच्या हाती एकदाही नाही. आजोबा शेजारी बसून बघायचे. ग्लेनिस म्हणायची, “तू नापास झालायस, बर्नार्ड. आता फेरपरीक्षा कधी निघतेय त्याची वाट बघ.”

तर ती फेरपरीक्षा गुरुवारी निघाली.

बर्नार्ड बेल वाजवून दारात उभे राहिले तेव्हा त्यांनी टाय बांधलेला होता. टॅमसिन गालावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरून आली. सूज आली की आमच्याकडे घराघरांत हाच इलाज. तिनं डल्सीची सीट त्यांच्या गाडीत स्वतः बसवली, पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि अर्ध्या तोंडानं सूचना दिल्या. डल्सीला तळ्यावर न्यायचं, बदकं दाखवायची, जेवायच्या वेळेला परत आणायचं. बदकांना पाव घालायचा नाही, त्यानं त्यांची पोटं बिघडतात. वाटाणे घालायचे.

“वाटाणे आहेत घरात?” बर्नार्डनी विचारलं.

टॅमसिननं गालावरची पिशवी थोडी खाली करून तिच्याकडे पाहिलं आणि परत गालावर धरली. “हेच.”

“राहू दे, राहू दे. मी वाटेत घेतो ना,” बर्नार्ड म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकाएकी उजळला. तो वाटाण्यांमुळे उजळला असेल असं टॅमसिनला वाटलं नाही, पण विचारायला तोंड उघडणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं शेवटचं एवढंच सांगितलं, “तिला नजरेआड करू नका, बर्नार्ड. एक मिनिटसुद्धा नाही.”

“मी?” बर्नार्ड म्हणाले. त्या एका अक्षरात सरकारी नोकरीची सगळी वर्षं होती.

खरी गोष्ट अशी होती की बदकांचं बर्नार्डना फारसं काही नव्हतं. ज्या जागांवर त्यांनी इतकी वर्षं पहारा दिला, तिथे स्वतःची गाडी त्यांनी कधी उभी केली नव्हती. त्यांचा मुलगा लहान होता तेव्हा असल्या जागाच नव्हत्या. आज मात्र मागच्या सीटवर हक्काचं मूल होतं, पिवळी लोकरी टोपी घातलेलं, पायातला मोजा काढून चोखणारं. दारापाशी ऐटीत गाडी लावावी, दार पुरतं उघडावं, सावकाश वाकून नात बाहेर काढावी, आणि हे सगळं दहा माणसांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

देवही कधी कधी मनावर घेतो. ते पोचले तेव्हा एक जागा रिकामी होती. बर्नार्डनी आरशात पाहिलं, वळायचा दिवा लावला, आणि तेवढ्यात समोरून एक लाल गाडी त्याच जागेसाठी येऊन थांबली. गाडीत एक तरुण बाई होती आणि मागे जुळी मुलं. बाईनं हात केला, तुम्ही घ्या. बर्नार्डनी हात केला, छे, तुम्हीच. तिनं मान हलवली. त्यांनी दोन बोटं दाखवली. म्हणजे तुमची दोन आहेत. आमच्याकडे दोन बोटं उलटी दाखवणं ही शिवी असते. बाईंना ती खूण तशीच वाटली असावी, कारण त्यांचा चेहरा पडला. मग बर्नार्डनी काच खाली करून नीट सांगितलं, की तुम्ही संख्येनं जास्त आहात, नियम बघायला गेलं तर तुमचाच हक्क आहे. बाई म्हणाल्या की तसं काही नाही, मुलं कशीही ओढून काढता येतात, तुमचं वय झालंय. हे ऐकल्यावर बर्नार्डना ती जागा घेणं शक्यच नव्हतं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. भोंगा कुणी वाजवला नाही. शेवटी बर्नार्ड जिंकले, म्हणजे जागा बाईला मिळाली.

दुसरी रिकामी नव्हती. तेव्हा अख्खा वाहनतळ पालथा घालून बर्नार्डनी गाडी पार टोकाला, कुंपणाच्या काटेरी झुडपाला घासून असलेल्या जागेत लावली. टॅमसिनची गाडी गेल्या वर्षी तिथेच उभी होती हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते लक्षात येऊ दिलं नाही. डल्सीच्या बाजूला मोकळं होतं, तिकडूनच तेही सरकून उतरले आणि ती सहज निघाली. ट्रॉलीच्या पाळण्यात बसून तिनं दुकानभर मिरवून घेतलं, आजोबांनी वाटाणे घेतले, आणि ते हिरमुसल्या मनानं परत निघाले.

परत येऊन बघतात तर गाडीच्या डाव्या अंगाला नळदुरुस्तीवाल्याची भलीमोठी व्हॅन येऊन उभी. इतकी चिकटून, की मधून एखादं मांजर गेलं असतं तर तेही श्वास रोखून. डल्सीचं दार चार बोटांच्या वर उघडेना. उजवीकडे काटे. अंग चोरून बर्नार्ड कसेबसे चालकाच्या सीटवर पोचले असते, पण मुलीला घेऊन नाही. नळवाला कुठे दिसेना. मार्ग एकच होता, आणि परीक्षकाच्या डोक्यात तो लगेच आला. मूल बाहेर ठेवायचं, गाडी मागे काढायची, मग दार उघडून मूल आत.

पण तोवर मूल धरणार कोण? बर्नार्डनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना पर्ल हॉजकिस दिसल्या. पर्लबाई म्हणजे शाळेसमोर पिवळा डगला घालून, काठीवरची गोल पाटी आडवी धरून पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या. निम्मं थॉर्नबेक त्यांच्या हाताखालून पलीकडे गेलेलं. ह्याहून भरवशाचं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. बर्नार्डनी त्यांना विनंती केली आणि वर ट्रॉलीच्या चाकाला दगड कसा लावायचा, टोपी कानावर कशी ओढायची, तेही सांगितलं. “मी लेकरं सांभाळते हो, मिस्टर टॅटर्सल,” पर्लबाई म्हणाल्या. “तुम्ही गाडी सांभाळा.”

बर्नार्ड काट्यांतून गाडीत शिरले. कोटाला ओरखडे पडले, कानालाही. गाडी मागे घेतली. आता थांबून दार उघडायचं, एवढंच राहिलं होतं. पण मागे एक गाडी येऊन उभी होती. तिच्यामागे दुसरी. त्यातल्या पहिल्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं बर्नार्डकडे बघून हात उंचावून आभार मानले. जागा आपल्यासाठीच सोडतायत, अशी त्याची समजूत झाली होती. बर्नार्ड नाही म्हणणार होते. पण हात उंचावून आभार मानलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे ह्या देशात कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. त्यांनीही हात उंचावला. म्हातारा जागेत शिरला. मागचे सगळे शांतपणे वाट बघत राहिले. ती शांतता बर्नार्डना सहन होईना. ते पुढे सरकले.

आणि तो रस्ता एकेरी वाहतुकीचा होता. बाण पुढेच दाखवत होते. दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ गाडी मागे दामटली असती. पण ज्या माणसानं बाणाविरुद्ध गेले म्हणून डॉक्टर, पाद्री आणि स्वतःची मेहुणी यांना नापास केलं होतं, तो काय करणार? खिडकीतून त्यांना डल्सीची पिवळी टोपी लहान लहान होत जाताना दिसत होती. “आलोच,” ते ओरडले. तिकडून पर्लबाईंनी हात हलवला. डल्सीनंही हलवला. नजरेआड, एक मिनिटसुद्धा नाही, असं टॅमसिन म्हणाली होती.

बाण त्यांना दुकानाच्या दारावरून नेत होते, आणि तिथून पुढे थेट मोठ्या रस्त्यावर. एकदा तिकडे लागलं की गोल चौक, पूल, परत वळण, आणि तेवढ्या वेळात काय वाट्टेल ते होऊ शकलं असतं. थांबायचं तर इथेच. सगळं भरलेलं होतं. फक्त दाराजवळची पिवळी बाबागाडी रिकामी होती. तीच जागा. जुळ्यांची आई नुकतीच निघून गेली होती.

बर्नार्डनी ब्रेक लावला. मूल आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. मूल आहेच. फक्त गाडीत नाही. मागच्या सीटवर एक ओला मोजा होता. त्यांनी चाक वळवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेत शिरले.

गाडीतून उतरतात तर समोर मोइरा रॅम्सडन. हातात फोन.

मोइराबाईंनी घाई केली नाही. वर्षभर ज्याची वाट बघितली ते कुणी घाईनं खात नाही. त्यांनी आधी रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या बाबागाडीकडे. मग बर्नार्डकडे. आणि घसा खाकरला.

“गुड मॉर्निंग, बर्नार्ड. मूल कुठाय?”

बर्नार्डनी तोंड उघडलं. आठ महिन्यांची नात वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉलीत आहे, असं मोइराला सांगावं, तर ते दुपारच्या चहापर्यंत गावभर होणार आणि टॅमसिनपर्यंत त्याच्याही आधी.  आणि तोंडातून जे बाहेर पडलं त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसेना.

“पुढे गेलंय,” ते म्हणाले.

“पुढे,” मोइराबाई म्हणाल्या. “चालत?”

 बर्नार्डनी सीटवरची वाटाण्यांची पिशवी उचलली, का उचलली ते त्यांनाही माहीत नाही, आणि ते पळत सुटले. मागे फोननं टिक् केल्याचं त्यांना ऐकू आलं.

डल्सी मजेत होती. पर्लबाईंच्या हातमोज्याचा अंगठा तिनं चघळून मऊ केला होता. बर्नार्डनी ट्रॉली ढकलत तिला गाडीपाशी आणलं, दार पुरतं उघडलं, सावकाश वाकले आणि नात सीटवर बसवली. अगदी त्यांनी मनाशी रंगवलं होतं तसं. पण बघायला एक चिटपाखरू नव्हतं. मोइराबाई दुकानात गेल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत डल्सीला उचलून धरून उभं राहावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, पण जेवायची वेळ होत आली होती. बदकं तशीच राहिली.

टॅमसिन घरी आली तेव्हा तिचं निम्मं तोंड बधिर होतं. तिनं डल्सीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. एक मोजा ओला होता, बाकी सगळं जागच्या जागी होतं. तिनं बर्नार्डच्या कानावरच्या ओरखड्याकडे बोट दाखवलं. “झुडूप,” बर्नार्ड म्हणाले. तिनं मान डोलावली आणि, त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, बधिर नसलेल्या बाजूनं ती किंचित हसली. बर्नार्ड तरंगतच घरी आले.

संध्याकाळी ग्लेनिस परतली. चहाचा कप घेऊन बसली, चष्मा लावला, फोन उघडला आणि म्हणाली, “अरे, हा तू आहेस.”

फोटो छान आला होता. मध्यभागी पिवळी बाबागाडी, तिच्यावर बर्नार्डची गाडी, खिडकीतून दिसणारी रिकामी बाळाची सीट, आणि कडेला हातात वाटाण्यांची पिशवी घेऊन पळणारे टाय घातलेले बर्नार्ड. खाली एकच ओळ: ‘या गाडीत मूल दिसल्यास कळवावे.’

खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. ग्लेनिसनं त्या वाचून दाखवल्या. कुणी लिहिलं होतं, निदान एक बाहुली तरी बसवायची. कुणी लिहिलं होतं, वाटाण्यांना लहान मूल धरतात का ते परीक्षकांनी कळवावं. लोकांना बाण दाखवता दाखवता स्वतः खड्ड्यात गेले, असं पाद्रीबुवांनी लिहिलं होतं, आणि पुढे हसरा चेहरा काढला होता.

बर्नार्डनी फोन हिसकावला आणि लिहायला घेतलं: ‘माझी नात त्या वेळी माझ्यासोबत’. इथे त्यांचं बोट थांबलं. सोबत नव्हती. हीच तर गोम होती. गावासमोर निर्दोष सुटायचं तर सांगायला हवं की मूल होतं, पण ते दुसऱ्या टोकाला परक्या बाईच्या हाती होतं. म्हणजे गाव माफ करणार आणि टॅमसिन डल्सीला परत कधी हातात देणार नाही. आणि टॅमसिनला कळू द्यायचं नसेल तर गावात चोर म्हणून फिरायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

“काय झालं होतं नक्की?” ग्लेनिसनं विचारलं. बर्नार्डनी तिला सगळं सांगितलं. ती पोटभर हसली, आणि मग त्यांचा चेहरा बघून थांबली.

“सरळ टॅमसिनला सांग.”

“ती परत देणार नाही तिला.”

बर्नार्ड हे इतक्या लहान आवाजात म्हणाले की ग्लेनिसनं पुढचा सल्ला गिळला. त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि नवीन लिहिलं: ‘आज सकाळी मुलांच्या जागेत माझी गाडी होती आणि गाडीत मूल नव्हतं. नियम मला माहीत होता. मी दिलगीर आहे. बर्नार्ड टॅटर्सल.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्यांनी ते गावाच्या हवाली केलं आणि टॅमसिनला वेगळा निरोप पाठवला, की फोटो पाहिलास तर काळजी करू नकोस, तो तुझ्याकडे यायच्या आधीचा आहे. हे मात्र धादांत खोटं होतं, आणि ते पाठवल्यावर त्यांना रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅमसिन आली. कडेवर डल्सी. गालाची सूज उतरली होती, त्यामुळे ती बोलू शकत होती, आणि बर्नार्डना ते चांगलं लक्षण वाटलं नाही. ग्लेनिस आत केक आणायला म्हणून गेली आणि केक सापडत नसल्यासारखी तिथेच थांबली.

टॅमसिननं फोन टेबलावर ठेवला. “हा फोटो माझ्याकडे यायच्या आधीचा?”

“हो,” बर्नार्ड म्हणाले.

“मग तुमच्या हातात वाटाणे कसे?”

बर्नार्डनी फोटोकडे पाहिलं. माणसाला परीक्षेत नापास करायला एक चूक पुरते, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं.

“माझ्या दारात येईपर्यंत तुम्हाला वाटाणे हवेत हे कुणालाच माहीत नव्हतं,” टॅमसिन म्हणाली. “मलासुद्धा नाही. आणि मागची सीटही मीच बसवलेली. म्हणजे त्या वेळी डल्सी तुमच्याकडे होती. मग सीटवर का नाही? कुठे होती ती, बर्नार्ड?”

तेव्हा बर्नार्डनी सांगून टाकलं. जुळी, झुडूप, व्हॅन, हात उंचावणारा म्हातारा, बाण, सगळं. पर्लबाईंचं नाव त्यांनी तीनतीनदा घेतलं आणि चाकाला दगड लावला होता हेही सांगितलं. 

“पर्लकडे होती,” टॅमसिन म्हणाली. “पर्लकडे तर मीसुद्धा ठेवली असती. एवढंच होतं तर गावाला सांगायचंत. अख्ख्या थॉर्नबेकसमोर चोर ठरलात.”

“गावाचं काय,” बर्नार्ड म्हणाले. “गाव मला नात थोडीच देणार आहे.”

स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज आला. टॅमसिननं डल्सीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आता आपणच काहीतरी बोलायला हवं असं बर्नार्डना वाटलं. त्यांनी घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खाकरणाऱ्यालाच अवघड गेला.

“त्या वेळी... पावसात,” ते म्हणाले. “ती टोकाची जागा फार अरुंद आहे. मला काल कळलं. आणि ते पोटातलं... ते धरतात. म्हणजे धरायला हवं होतं. माझी चूक होती, टॅमसिन.”

“हे सांगायला तुम्हाला काटे टोचावे लागले,” टॅमसिन म्हणाली. पण म्हणताना तिनं डल्सीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि डल्सीनं त्यांचा टाय तोंडात घातला. “पुढच्या गुरुवारी मला परत दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. बदकं राहिलीत तिची. आणि जवळ जागा मिळाली तर घ्या, बर्नार्ड. कुणाला देत बसू नका.”

पुढच्या गुरुवारी बर्नार्डनी नवा कोट घातला. दाराजवळ एक नाही, दोन जागा रिकाम्या होत्या. त्यांनी आरशात पाहिलं, दिवा लावला आणि पिवळ्या बाबागाडीवर गाडी अशी सरळ उभी केली की परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. दार पुरतं उघडलं. सावकाश वाकून त्यांनी डल्सीला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं, सगळ्यांना दिसेल इतकं उंच. डल्सी खिदळली.

समोरून मोइरा रॅम्सडन आणि पर्ल हॉजकिसची बहीण ट्रॉली ढकलत येत होत्या. दोघी थांबल्या. मोइराबाईंनी हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, बर्नार्डनीही म्हटलं, आणि त्या दोन पावलं पुढे गेल्यावर पर्लच्या बहिणीच्या कानाशी लागून, पण ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “बघितलंस? आता कुणाचं तरी मूल उसनं घेऊन यायला लागलाय.”